साथीचे रोग आणि व्यक्तिस्वातंत्र्य

मनुष्यानें कोठें जावें, कोणत्या यात्रेस हजर राहावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें, हें तत्त्व सामान्यतः सर्वमान्य आहे. परंतु एकाच्या श्वासाबरोबर दुसऱ्याच्या घरांत रोग शिरत असेल, तर या स्वातंत्र्यास मर्यादा घालणें सरकारचें कर्तव्य ठरतें काय? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रानें दोन वेळां मोठी किंमत देऊन शोधलें आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग आढळला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. पण त्यानें प्रवाशांस अडविण्याचा व रोग्यांस वेगळें ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला, आणि हुकूम मोडणारा शिक्षेस पात्र ठरला. सद्हेतूनें काम करणाऱ्या अधिकाऱ्यांस त्यानें फिर्यादीपासून अभय दिलें. अधिकाऱ्यांच्या अतिरेकापासून प्रजेस अभय देणारें कलम मात्र त्यांत नव्हतें.

त्याचा परिणाम पुण्यांत दिसला. रँड यांच्या प्लेग कमिटीनें गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या घेवविल्या. देवघरांत बूट शिरले, स्त्रियांची अप्रतिष्ठा झाली, सामानाची होळी झाली. लोक रोगी लपवूं लागले. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. याच साथींत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत असतां १० मार्च रोजीं प्लेगानेंच निवर्तल्या. लोकांना उपचार नको होते असें नव्हे. त्यांना अपमान नको होता. शिवाय, हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हें सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९८ मध्यें दाखविलें. म्हणजे झडत्यांचा पुष्कळसा जोर माणसांवर चालला होता आणि मूळ कारण मोकळेंच होतें.

त्या काळीं वाशीम हा वऱ्हाडांतील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्यें तो अकोल्यांत विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हा निर्माण झाला. जिल्हा गेला व परत आला. १८९७ चा कायदा मात्र जागच्या जागीं राहिला. १३ मार्च २०२० रोजीं कोरोनाच्या साथीसाठीं महाराष्ट्र सरकारनें तोच पुन्हा हातीं घेतला.

मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें बंजारा समाजाचें श्रद्धास्थान. तेथें संत सेवालाल महाराजांची समाधि असून रामनवमीस मोठी यात्रा भरते. २०२० च्या टाळेबंदींत भाविकांस या यात्रेस मुकावें लागलें. पुढें २१ फेब्रुवारी २०२१ रोजीं मुख्यमंत्र्यांनीं धार्मिक, सामाजिक व राजकीय मेळावे बंद केल्याचें जाहीर केलें. आणि दोनच दिवसांनीं, त्यांच्याच मंत्रिमंडळांतील एक मंत्री पोहरादेवीस आले असतां तेथें हजारों लोकांची गर्दी लोटली. त्याच आठवड्यांत रिसोड तालुक्यांतील एका वसतिगृहांत दोनशेंहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. पोहरादेवीच्या महंतांसही लागण झाल्याचें निष्पन्न झालें. ही लागण त्या गर्दीनेंच झाली असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या मजुरानें आदल्या वर्षीं यात्रा सोडली, त्याला नियम कोणासाठीं असतात, हा प्रश्न पडला असल्यास त्यांत नवल तें काय?

पुण्यांत सत्तेचा अतिरेक झाला, पोहरादेवीस सत्तेनेंच आपला नियम सैल सोडला. दोन्हीकडे हानि एकच झाली, ती म्हणजे लोकविश्वासाची. आपल्या वागण्यानें शेजाऱ्याच्या जिवास धोका होत असेल, तेथें सरकारनें आवर घालणें न्याय्यच आहे. मात्र तो आवर रोगाच्या खऱ्या कारणावर बेतलेला, मुदतीचा आणि माणसाची अब्रू राखणारा असावा. आणि तो मजुरास जितका लागू, तितकाच मंत्र्यासही लागू असावा. एवढें पथ्य पाळणाऱ्या सरकारास शिपायांची गरज फारशी भासत नाहीं.