मॉरिशसवरील ब्रिटिश स्वारी, १८१०

हिंदी महासागरातील ‘ईल द फ्रांस’ (विद्यमान मॉरिशस) हे फ्रेंच वसाहतीचे बेट जिंकण्यासाठी ब्रिटिशांनी नेपोलियनकालीन युद्धांत काढलेली आरमारी मोहीम. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताब्यात घेतलेल्या या बेटाला गव्हर्नर माए द ला बूर्दोने याने १७३५ नंतर पोर्ट लूई बंदराचा विकास करून लष्करी महत्त्व प्राप्त करून दिले. येथून निघणाऱ्या फ्रेंच युद्धनौका आणि सरकारी परवान्याने लूट करणारी खाजगी जहाजे ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारास सतत उपद्रव देत. १८०० मध्ये रॉबेअर स्यूर्कूफ याने बंगालच्या उपसागरात कंपनीचे ‘केंट’ हे जहाज पकडले.

ब्रिटिशांनी १८०९ मध्ये रॉड्रिग्ज बेटावर तळ उभारला व जुलै १८१० मध्ये शेजारचे ईल बोनापार्त (रेयून्यों) जिंकले. ऑगस्टमध्ये ग्रां पोर येथे मात्र त्यांच्या चारही फ्रिगेट नौका गमवाव्या लागल्या. पैकी दोन प्रवाळखडकांत अडकल्याने त्यांनी स्वतःच जाळल्या. नेपोलियनच्या काळातील फ्रेंचांचा हा विख्यात आरमारी विजय होय. परंतु त्याचा लाभ अल्पकाळच टिकला. मुंबई, मद्रास व बंगाल येथील फौजांसह मोठा काफिला रॉड्रिग्ज येथे जमला. प्रवाळभित्तींमुळे उत्तर किनारा सुरक्षित मानला जाई. ब्रिटिशांनी पाहणी करून तेथेच वाट शोधली आणि २९ नोव्हेंबर रोजी मेजर जनरल जॉन ॲबरक्रॉम्बी याच्या नेतृत्वाखाली सैन्य उतरविले. ३ डिसेंबर १८१० रोजी गव्हर्नर दकां याने शरणागती पतकरली.

शरणागतीच्या अटी उदार होत्या. फ्रेंच सैनिकांना युद्धकैदी न करता मायदेशी पाठविण्यात आले. रहिवाशांचे कायदे, चालीरीती, धर्म व मालमत्ता यांना अभय मिळाले. मात्र गुलाम हेही मालमत्तेतच गणले जात असल्याने, सत्तांतर होऊनही त्यांची स्थिती पालटली नाही. १८१४ च्या पॅरिसच्या तहाने मॉरिशस ब्रिटिशांकडे राहिले व रेयून्यों फ्रान्सला परत मिळाले. १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, तेव्हा भरपाई मिळाली ती मालकांना. उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांचे वंशज तेथील मराठी भाषिक समाजात आढळतात. १९६८ मध्ये मॉरिशस स्वतंत्र झाले. तरीही फ्रेंच भाषा आणि फ्रेंच दिवाणी कायद्याचा वारसा तेथे टिकून आहे. शस्त्रबळाने जिंकलेल्या या बेटाचे पुढील समाजजीवन शरणागतीच्या अटींनीच बव्हंशी घडविले.