कबड्डीचा प्रसार आणि दूरचित्रवाणी

कबड्डी या भारतीय सांघिक खेळाच्या इतिहासात दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक स्पर्धांचे पर्व २०१४ मध्ये सुरू झाले. मर्यादित प्रेक्षकवर्ग असलेल्या खेळांना दूरचित्रवाणीने लोकप्रियता मिळवून दिल्याची उदाहरणे अन्यत्रही आढळतात. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९६९ मध्ये सुरू केलेल्या ‘पॉट ब्लॅक’ या स्पर्धेमुळे स्नूकर घरोघरी पोहोचला. खेळाडूंच्या हातातील झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखविणाऱ्या कॅमेऱ्यामुळे पोकर हा पत्त्यांचा खेळ १९९९ नंतर तेथील दूरचित्रवाणीवर रंजक ठरला. कॅमेऱ्यास अनुकूल असे रूप खेळास देणे, हे या प्रसाराचे समान सूत्र होय.

कबड्डीला नियमबद्ध स्वरूप देण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. येथे हुतूतू या नावाने रूढ असलेल्या या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तयार झाले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिके दाखविली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. शंकरराव (बुवा) साळवी यांच्यासारख्या संघटकांनी खेळाचा देशभर प्रसार केला. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीचा पदकाच्या खेळांत समावेश झाला. भारताने त्यानंतर सातत्याने सुवर्णपदके मिळविली. तथापि देशातील नियमित सामने प्रामुख्याने स्थानिक मैदानांवरील प्रेक्षकांपुरतेच राहिले.

प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत झाला. आठ संघांच्या या स्पर्धेचे प्रक्षेपण स्टार स्पोर्ट्स या वाहिनीने केले. पहिल्या हंगामाचा प्रेक्षकवर्ग सु. ४३.५ कोटी असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने यू मुंबाचा पराभव केला. प्रक्षेपणाच्या दृष्टीने खेळाची गती वाढविण्यात आली. चढाईस ३० सेकंदांची मर्यादा आली. सलग दोन चढाया निष्फळ ठरल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे आवश्यक झाले. अन्यथा चढाईपटू बाद ठरतो. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीस एक अधिक गुण देण्यात आला. चढाईपटूच्या दमाइतकेच पडद्यावरील घड्याळही सामन्याचे नियंत्रण करू लागले. बोटाचा निसटता स्पर्श पुनर्दर्शनात दिसू लागल्याने पंचांच्या निर्णयांची फेरतपासणीही शक्य झाली. २०२१-२२ चा हंगाम महामारीमुळे बंगळूर येथे प्रेक्षकांविना झाला. त्या वेळी तो केवळ पडद्यावरूनच पाहता आला.

या प्रसिद्धीने खेळाडूंचे अर्थकारण बदलले. २०१४ च्या लिलावात सर्वाधिक बोली १२.८० लाख रुपयांची होती. २०१९ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई या चढाईपटूस १.४५ कोटी रुपये मिळाले. २०१७ मध्ये संघांची संख्या बारा झाली. पुणेरी पलटणने २०२३-२४ च्या हंगामाचे विजेतेपद मिळविले. परदेशी, विशेषतः इराणी, खेळाडूही लीगमधून भारतात परिचित झाले.

हा लाभ मात्र सर्वांपर्यंत सारखा पोहोचलेला नाही. २०१६ मध्ये तीन संघांची ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ ही स्पर्धा लीगच्या जोडीने झाली. पण ती पुढे चालू राहिली नाही. महिला कबड्डीचा दर्जा याच काळात उंचावत होता. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांना हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या इराणी संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या.

प्रादेशिक विषमताही दिसते. लीगमधील महाराष्ट्राचे दोन्ही संघ मुंबई व पुणे येथील आहेत. राष्ट्रीय स्पर्धांत विदर्भाचा संघ स्वतंत्रपणे उतरत असला, तरी लीगमध्ये त्याला स्थान नाही. त्यामुळे गोंदिया, भंडारा यांसारख्या जिल्ह्यांतील खेळाडूंना प्रामुख्याने जिल्हा व विदर्भ पातळीवरील स्पर्धांतूनच पुढे यावे लागते. लीगचे सामने मॅटवर होतात. मातीवर अनवाणी आणि मॅटवर बूट घालून खेळण्याचे तंत्र वेगवेगळे असल्याने मॅटवरील सरावाची सोय नसणे ही खेळाडूची मोठी अडचण ठरते. दूरचित्रवाणीने कबड्डीला प्रेक्षक मिळवून दिले. खेळाडू घडविण्याचे कार्य मात्र गावोगावची मंडळे, शाळा आणि क्रीडांगणे यांवरच अवलंबून आहे.