१८०२ : वसईचा तह आणि एका पोरीचा दंड

माणिकपुरात कुणालाही १८०२ साल विचारा, इतिहासाची जरा आवड असेल तर उत्तर एकच येईल : वसईचा तह. ऑक्टोबरमध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी धूळ चारल्यावर दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला, वसईला आला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून मोकळा झाला. पुढे काय झालं ते आपण शाळेत वाचलंय.

पण त्याच साली, तहाच्या साडेसहा महिने आधी, खाडीपलीकडे मुंबईत आणखी एक घटना घडली. तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या हाताला बारीक ओरखडा काढून त्यात लस भरली गेली आणि ती लागू पडली. हिंदुस्थानात देवीची लस यशस्वीपणे घेणारी नोंदलेली पहिली व्यक्ती म्हणजे ही चिमुरडी.

देवी म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. अंगभर फोड, ताप, कित्येकांना मरण, आणि वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर जन्मभराचे वण. अनेकांचे डोळे जायचे. माणसाच्या हातात काही नव्हतं म्हणून रोगालाच देवीचं नाव दिलं. आपल्या जिल्ह्यात केळव्याला समुद्राकाठी शीतलादेवीचं देऊळ आहे. शीतलादेवी ही देवीच्या आजारात नवस बोलला जायचा तीच.

इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये दाखवून दिलं होतं की गाईच्या देवीच्या फोडातलं पाणी माणसाच्या कातडीत घातलं तर खरी देवी येत नाही. पण ते पाणी मुंबईपर्यंत आणायचं कसं? फ्रीज नाही, आगगाडी नाही. महिनोन् महिन्यांच्या प्रवासात ते वाळून निकामी व्हायचं. शेवटी व्हिएन्नाहून निघालेली लस कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असे टप्पे घेत जहाजाने मुंबईला पोचली. आठवडाभराने अ‍ॅनाच्या हातावरच्या फोडातलं पाणी काढून आणखी पाच मुलांना टोचलं. त्यांच्याकडून पुढच्यांना. मुंबईहून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिलोनपर्यंत गेली. बाटलीतून नाही, पोरांच्या दंडांवरून!

स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींना लस पाठवली तेव्हाही हीच युक्ती केली. जहाजावर २२ अनाथ मुलगे घेतले, आणि एकाचा फोड पिकला की त्यातून पुढच्यांना टोचायचं, असं करत समुद्र ओलांडला. त्या पोरांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आता आपल्या भाषेची गंमत बघा. 'लस' या शब्दाचा मूळ अर्थ औषध नाही. जखमेतून, फोडातून जे चिकट पाणी येतं ती लस. आपण आज 'लस घेतली का?' असं सहज विचारतो, पण त्या शब्दात दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावरचा फोड लपलेला आहे.

म्हणूनच लोक बिचकायचे. कुठल्या जातीच्या, कुठल्या घरच्या पोराचं पाणी माझ्या लेकराच्या अंगात घालणार? हा प्रश्न आज आपल्याला खटकतो, पण भीतीचा एक भाग खरा होता. एका हातावरून दुसऱ्या हातावर लस जाताना दुसरे रोगही जायचे. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवायला लागले तेव्हा हे थांबलं. बेळगावात जिथे देवीची लस तयार व्हायची, ती जागा आजही 'व्हॅक्सिन डेपो' म्हणूनच ओळखली जाते. आणि गावोगावी फिरणारा 'देवी डॉक्टर' दिसला की पोरं शेतात पळायची, हे तुमच्या आजी-आजोबांनी सांगितलं असेलच.

मुळात कातडीतूनच का? तोंडावाटे का नाही?

आपली त्वचा म्हणजे राखणदार आहे. वरचा मेलेल्या पेशींचा पातळ थर बाहेरचं फारसं काही आत येऊ देत नाही. निकोटिनच्या पट्टीतल्या औषधाचे कण अगदी लहान, ते त्यातून झिरपतात. लशीतला विषाणू त्यामानाने प्रचंड मोठा, म्हणून ओरखडा काढावाच लागतो. पण एकदा तो थर ओलांडला की खाली पहारेकऱ्यांची फौज बसलेली असते. १८६८ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने त्यातल्या काही पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूच्या असाव्यात असं त्याला वाटलं. त्यांचं काम परक्याला पकडून शरीराला वर्दी देण्याचं आहे, हे फार उशिरा कळलं. थोडक्यात, कातडीत दिलेली लस थेट चौकीवरच जाऊन पोचते, त्यामुळे थोडीशीही पुरते.

याच जोरावर देवी संपली. दोन टोकांची एक साधी सुई, लशीचा एक थेंब आणि दंडावर भराभर १५ टोचे. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मधला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. माणसांमधला एक अख्खा रोग पृथ्वीवरून गेला, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं.

ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. २०१६ मध्ये पोलिओच्या इंजेक्शनची जगभर टंचाई होती. तेव्हा भारताने ०.५ मिलिलिटरचा डोस स्नायूत देण्याऐवजी ०.१ मिलिलिटर कातडीत द्यायला सुरुवात केली. एका डोसात पाच टोचण्या! आज ही लस बाळाला ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशी तीनदा मिळते. आपल्याच पश्चिम रेल्वेच्या लायनीवरच्या अहमदाबादेत तयार झालेल्या झायकोव्ह-डी या करोनाच्या लशीला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. तीही कातडीतच, आणि सुईशिवाय.

यातला नऊ महिन्यांचा डोस २०२३ च्या जानेवारीपासून वाढलाय आणि तोच राहून जायची भीती जास्त. आपल्याकडे नवघर, वालीव, नालासोपाऱ्याला रोज नवी कुटुंबं येतात. भाड्याची खोली बदलते, कार्ड गावी राहतं, आई कामावर जाते. कुणाला दोष द्यायचा नाहीये. पण शेजारी म्हणून आपण एवढं विचारू शकतो : 'ताई, बाळाचा नऊ महिन्यांचा डोस झाला का?' सरकारी केंद्रात तो फुकट मिळतो.

तह एका पेशव्याने केला आणि राज्य घालवलं. त्याचं नाव सगळ्यांना पाठ. ज्या पोरांच्या दंडांवरून लस आपल्यापर्यंत आली, त्यातलं एक अ‍ॅना सोडली तर कुणाचं नावही आपल्याला माहीत नाही. त्यांचं ऋण फेडायचं तर साखळी आपल्या गल्लीत तुटू द्यायची नाही, इतकंच.

तुमच्या घरात कुणाच्या दंडावर देवीच्या लशीची खूण आहे का? (१९८० नंतर जन्मलेल्यांच्या डाव्या दंडावरचा छोटा वण बहुतेक बीसीजीचा असतो, गल्लत करू नका.) त्यांना 'देवी डॉक्टर'च्या आठवणी विचारा आणि खाली लिहा. ही माणसं आहेत तोवर हा इतिहास नोंदवून ठेवू या.