चौलचा काचमणी : कागदांची साक्ष आणि काचेची

रोह्यावरून येणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे रेवदंडा आणि त्याला लागून चौल. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी केलेल्या चौलच्या उत्खननांत इतर अवशेषांबरोबर काचेचे बारीक मणीही हाती आले. ही काच कुठली, हा आपला प्रश्न. आधी कागदपत्रे पाहू.

पहिला साक्षीदार ‘पेरिप्लस’, इसवी सनाच्या पहिल्या शतकातले ग्रीक व्यापारी टिपण. त्याच्या 53व्या कलमात कल्याणनंतर ‘सेमुल्ला’ येते. हेच चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण तिथे नुसते नाव आहे, मालाची यादी नाही. यादी 49व्या कलमात आहे, ती भडोचची. आणि तीत कच्ची काच आहे. म्हणजे परदेशी काच पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती, हे पक्के. ती चौलला पोचत होती, हा तर्क.

दुसरा साक्षीदार याच्या उलट बोलतो. इ. स. 79 मध्ये मरण पावलेला रोमन लेखक प्लिनी आपल्या ग्रंथाच्या 36व्या खंडात सांगतो, की भारतात स्फटिकाचे तुकडे घालून काच करतात आणि तिची बरोबरी दुसरी कुठलीच काच करू शकत नाही. ही ऐकीव माहिती आहे, कृतीच्या तपशिलावर विसंबता येणार नाही. तरीही भारतात काच बनते आणि उत्तम बनते, ही कीर्ती रोमपर्यंत गेली होती, एवढे यातून नक्की निघते. दोन्ही साक्षी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

पुढचा भक्कम पुरावा थेट दहाव्या शतकातला. अरब प्रवासी मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ. स. 916-17 च्या सुमारास, सैमूरला, म्हणजे चौललाच, होता. तो राजाचे नाव ‘जंज’ असे देतो आणि उत्तर कोकणच्या शिलाहारांत झंझ याच काळातला! प्रवाशाचे टिपण आणि राजवंशाची नोंद अशी जुळते, तेव्हा मसूदीवरचा विश्वास वाढतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले धरून सुमारे दहा हजार मुसलमान इथे राहत असल्याचे तो लिहितो. आकडा ढोबळ असेल, पण समुद्रापारचे संबंध स्पष्ट आहेत.

आता मण्याकडे वळू. भिंगाखाली काचेतले बुडबुडे पाहावेत. ते भोकाला समांतर लांबट झालेले असतील तर तापलेल्या काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे पाडले आहेत. भोकाभोवती फेर धरून असतील तर काच सळईवर गुंडाळली आहे. घडण अशी कळते. रंगावरून काळ ठरवणे मात्र धोक्याचे.

निर्णायक साक्ष 2008 साली ‘आर्किओमेट्री’ या नियतकालिकात आली. लॉर डुसुबिए, गोगटे आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आशिया आणि पूर्व आफ्रिका इथल्या मण्यांचे रासायनिक पृथक्करण केले. काच सोडा-अल्युमिना जातीची निघाली. रोमन काचेत अल्युमिना कमी असते. त्यामुळे या मण्यांना भडोचची यादी लागू पडत नाही. शिवाय सोडा-अल्युमिना काचेचे दोन गट पडले. दक्षिण भारत-श्रीलंकेच्या जुन्या गटात युरेनियम कमी, बेरियम जास्त. चौल आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या गटात नेमके उलट, आणि त्याचा काळ नवव्या शतकापासून पुढचा. हे युरेनियम कारागिराने घातलेले नाही; ते वाळूबरोबर आले. म्हणून त्याची नक्कल कुणी मुद्दाम केली असेल, ही शंका उरत नाही.

यावरून मसूदीच्या सैमूरहून मणी आफ्रिकेला जात होते, असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते संभवनीय वाटते. पण मणी मिळाले म्हणून भट्टीही तिथेच होती, असे ठरत नाही. काच एकीकडे वितळवून मणी दुसरीकडे ओढता येतात. भट्टी तिथेच होती हे ठरवायला तिचा भाजका तुकडा, काच चिकटलेली मूस, फसलेल्या नळ्यांचा कचरा हवा. बाजारात सुटा मणी थराच्या नोंदीशिवाय येतो, तेव्हा तो फक्त शोभेचा उरतो. चौलच्या नारळ-सुपारीच्या वाडीत खणताना असा वेडावाकडा काचेचा गोळा लागला, तर तो जागेवरून न हलवता पुरातत्त्व खात्याला कळवावा. अख्ख्या माळेपेक्षा त्याचे मोल जास्त आहे.