साडेसहा हजार डॉलरची मोटार: फेरारी २५० जीटीओची किंमत कोणी ठरवली?

१९७२ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील व्हिक्टोरिया येथील एका शाळेने आपल्याकडे पडून असलेली एक जुनी मोटार विकली. मुलांना यंत्रदुरुस्तीचे धडे देता यावेत म्हणून एका धनिकाने ती काही वर्षांपूर्वी शाळेला दिली होती. ओहायो राज्यातील एका गृहस्थाने ती साडेसहा हजार डॉलरला घेतली.

ती मोटार होती फेरारी २५० जीटीओ. तिच्याच मालिकेतील दुसऱ्या एका मोटारीला २०१८ साली खासगी व्यवहारात सुमारे सात कोटी डॉलर मिळाल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. मोटार तीच, तिचे बारा सिलिंडरचे इंजिन तेच, ॲल्युमिनियमचा हाताने ठोकलेला पत्राही तोच. मधल्या सेहेचाळीस वर्षांत नेमके बदलले काय? जुन्या वस्तूची किंमत दोन माणसे बंद दाराआड कशी ठरवतात, याचा इतिहास सांगणारा हा धागा.

सुरुवात शर्यतीच्या नियमांपासून करावी लागते. आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेने, म्हणजे ‘फिआ’ने, १९६२ पासून निर्मात्यांच्या विश्वविजेतेपदासाठी ‘ग्रँड टुरिंग’ वर्गातील मोटारींना महत्त्व दिले. या वर्गाची अट अशी की, त्या नमुन्याच्या किमान शंभर मोटारी बारा महिन्यांत बनलेल्या असाव्यात. एन्झो फेरारी यांना शंभर मोटारी बनवायच्या नव्हत्या, आणि तेवढी गिऱ्हाइकेही नव्हती. म्हणून नवी मोटार ही आपल्या आधीच्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे, असे कारखान्याने सांगितले आणि संघटनेने ते मान्य केले. ‘जीटीओ’मधला ‘ओ’ म्हणजे इटालियन ‘ओमोलोगाता’, अर्थात ‘मान्यताप्राप्त’. पुढे जिच्या अस्सलपणावरून एवढे वाद रंगले, त्या मोटारीच्या नावातच अशी पळवाट दडलेली आहे, ही मोठी गंमत.

आराखड्याचे काम जोत्तो बिझ्झारीनी यांनी सुरू केले. १९६१ च्या अखेरीस कारखान्यातील वादळी भांडणानंतर अनेक वरिष्ठ अधिकारी बाहेर पडले, त्यांत तेही होते. उरलेले काम तरुण माउरो फोर्गिएरी यांनी पुरे केले, आणि बाह्यांग सर्जिओ स्कालिएत्ती यांच्या कार्यशाळेत घडले. फेब्रुवारी १९६२ मध्ये मोटार पत्रकारांसमोर आली. पुढच्याच महिन्यात फ्लोरिडातील सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत ती एकूण क्रमवारीत दुसरी आणि आपल्या वर्गात पहिली आली.

१९६२ ते १९६४ या काळात अशा छत्तीस मोटारी बनल्या. चार लिटर इंजिनाच्या तीन बहिणी मोजल्या तर एकोणचाळीस. अमेरिकेत नव्या जीटीओची किंमत होती सुमारे अठरा हजार डॉलर. त्याच काळात तिथे जॅग्वार ई-टाइप साधारण साडेपाच हजारांत मिळत असे. अर्थात पैसे असले म्हणून जीटीओ मिळत नसे. खरेदीदार कोण आहे, तो मोटार शर्यतीत पळवणार की नुसती मिरवणार, हे पाहूनच एन्झो फेरारी आणि त्यांचे अमेरिकेतील विक्रेते लुइजी किनेत्ती होकार देत. किंमत ठरवण्याचा अधिकार या एकाच टप्प्यावर संपूर्णपणे विक्रेत्याच्या हातात होता.

तीन वर्षे या मोटारीने आपल्या वर्गातील विश्वविजेतेपद फेरारीला मिळवून दिले, आणि मग तिचे दिवस भरले. इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेल्या मोटारी आल्या, अमेरिकेच्या शेल्बी कोब्रा डेटोना पुढे निघून गेल्या. शर्यतीच्या मोटारीला सामान्य मोटारीसारखे म्हातारपण लाभत नाही. काल जिंकत होती ती आज हरू लागली, की तिचा उपयोगच संपतो. रस्त्यावर ती गोंगाट करते, आत उकाडा होतो, सामान ठेवायला जागा नसते आणि दुरुस्तीला कारागीर मिळत नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक जीटीओ काही हजार डॉलरला हात बदलत होत्या. व्हिक्टोरियाच्या शाळेने केलेला सौदा म्हणून मूर्खपणाचा म्हणता येत नाही. त्या दिवसाचा भाव तोच होता.

इटलीतही हेच घडत होते. फाब्रित्सिओ व्हिओलाती या तरुणाने १९६५ मध्ये अशीच एक जीटीओ घेतली. ऑलिंपिक विजेता फ्रेंच स्कीपटू आंरी ओरेये १९६२ मध्ये याच मोटारीत अपघातात मरण पावला होता. घरच्यांना कळू नये म्हणून व्हिओलाती ती रात्रीच बाहेर काढत, असे सांगितले जाते. त्यांनी ती २०१० साली मृत्यू येईपर्यंत विकली नाही. या मोटारीकडे पुढे परत यायचे आहे.

आता एक वळण घेऊन अर्थशास्त्रात जावे लागेल. १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ या तरुण अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नामवंत नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार. अमेरिकन बोलीत खोट असलेल्या मोटारीला ‘लिंबू’ म्हणतात. अकेरलॉफचा प्रश्न साधा होता: मोटारीत खोट आहे की नाही हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. मग भाव कसा ठरतो?

समजा, चांगली मोटार दोन हजारांची आहे आणि खोटी एक हजाराची. घेणाऱ्याला फरक ओळखता येत नाही, म्हणून तो सावधपणे मधली रक्कम, दीड हजार, देऊ करतो. पण चांगली मोटार असलेला माणूस दीड हजारांत ती का देईल? तो बाजारातून निघून जातो. मागे खोट्या मोटारीच उरतात, हे घेणाऱ्याच्या लक्षात येते आणि तो भाव आणखी उतरवतो. अशा रीतीने अज्ञान हे सगळा बाजारच खाऊन टाकू शकते. या निबंधाने सुरू झालेल्या विचारासाठी अकेरलॉफ यांना २००१ मध्ये आणखी दोघांसह नोबेल मिळाले.

सत्तरच्या दशकातील जीटीओ हे या सिद्धान्ताचे जवळजवळ शुद्ध उदाहरण होते. शर्यतीत इंजिन फुटले की दुसरे बसवले जाई. आपटलेला पत्रा कापून नवा लावला जाई. काही जुन्या मोटारींना तर १९६४ च्या नव्या नमुन्याचे अंग चढवण्यात आले होते. भरीला, त्याच काळातील चार आसनांची २५० जीटीई ही फेरारी नऊशेहून अधिक संख्येने बनलेली आणि स्वस्त होती. तिची चौकट आणि इंजिन वापरून वर जीटीओसारखे अंग ठोकले, की लांबून कोणीही फसावे अशी प्रतिकृती तयार होई. समोर उभी असलेली लाल मोटार छत्तिसांपैकी एक आहे की कुशल लोहाराची कमाल, हे सांगणार कोण?

ही कोंडी फोडली ती इतिहासाच्या अभ्यासाने, आणि या धाग्याचा गाभा तोच आहे. फेरारी कारखाना प्रत्येक चौकटीवर क्रमांक ठोकत असे. इंजिनालाही क्रमांक असे. कारखान्याची जुळणीपत्रके होती, शर्यतींच्या प्रवेशयाद्या होत्या, निकाल होते, छायाचित्रे होती. काही ध्यासवेड्या माणसांनी ही कागदपत्रे गोळा करून प्रत्येक मोटारीची वंशावळ लावायला सुरुवात केली. फ्रेंच अभ्यासक जेस पूरे यांचा २५० जीटी वर्गातील शर्यतीच्या मोटारींवरील ग्रंथ १९७७ मध्ये आला. कोणत्या क्रमांकाची मोटार कोणी घेतली, कुठे पळवली, कुठे आपटली, हे आता पुस्तक उघडून पाहता येऊ लागले.

महाराष्ट्रात जमीन घेणारा माणूस आधी शेत पाहत नाही, सातबारा पाहतो. मग फेरफार पाहतो, आणि मधला एखादा वारस सुटलेला दिसला की भाव पाडतो. जीटीओच्या बाबतीत अगदी हेच झाले. विकली जाऊ लागली ती मोटारीपेक्षा तिची फेरफार नोंद. हजारोंनी बनलेल्या मोटारीत हे शक्य नव्हते. संख्या छत्तीस असल्यामुळेच प्रत्येकीचे चरित्र लिहिता आले. दुर्मिळतेने भाव वाढतो हे सगळेच सांगतात, पण दुर्मिळतेमुळे खात्री करता येते, ही गोष्ट अधिक महत्त्वाची असूनही फारशी बोलली जात नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९७७ मध्ये पिंक फ्लॉइडचे ढोलवादक निक मेसन यांनी आपली जीटीओ सुमारे ३७ हजार पौंडांना घेतली. १९८५ मध्ये वस्त्ररचनाकार राल्फ लॉरेन यांनी साडेसहा लाख डॉलर मोजल्याचे सांगितले जाते. म्हणजे शाळेच्या सौद्याच्या शंभरपट, तेराच वर्षांत. १९६२ मध्ये भिंतीवर या मोटारीचे चित्र लावणारी मुले आता चाळिशी गाठत होती आणि त्यांतल्या काहींच्या हाती पैसा आला होता.

पुढची चार वर्षे विवेकाची नव्हती. ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि घाबरलेला पैसा चित्रे, दागिने, मोटारी यांकडे वळला. १४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो फेरारी गेले, आणि त्यांच्या हयातीत बनलेल्या मोटारींना एकाएकी अवशेषांचे मोल आले. जपानमध्ये जमिनीचे आणि शेअरचे भाव आकाशाला भिडले होते. १९८९ मध्ये एका जीटीओला एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक किंमत मिळाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तशीच मोटार पंचवीस-तीस लाखांच्या आसपास विकली जात होती. चरित्राची खात्री झाली म्हणून भावाची खात्री होत नाही, हे तेव्हा कर्ज काढून मोटार घेणाऱ्यांना फार महाग पडून कळले.

यातले बहुतेक व्यवहार खासगी. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरत असे. बघणाऱ्याला नुसता रुमाल हललेला दिसे. जीटीओचा रुमाल वकिलांचा आणि दलालांचा आहे, एवढाच फरक. वर्षाला एखाद-दुसरी मोटार हात बदलते. अशा बाजारात ‘चालू भाव’ नावाची वस्तूच नसते, असतो तो मागचा सौदा, आणि तोही ऐकीव. विकणारा सर्वांत मोठा ऐकीव आकडा पुढे करतो, घेणारा त्या मोटारीत आणि या मोटारीत काय फरक आहे ते दाखवत खाली ओढतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे साधनांची प्रतवारी लावली पाहिजे. २०१३ मध्ये एका जीटीओला खासगी सौद्यात पाच कोटी वीस लाख डॉलर मिळाल्याचे वृत्त आले. ही मोटार १९६३ च्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीची विजेती. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, व्हिओलाती यांची मोटार कॅलिफोर्नियात जाहीर लिलावात आली, आणि हातोडा पडल्यावर दलालीसह आकडा निघाला तीन कोटी ऐंशी लाखांच्या थोडा वर. मग २०१३ ची बातमी खोटी होती काय? तसे म्हणता येत नाही. एका मोटारीच्या वंशावळीत विजय होता, दुसरीच्या मृत्यू आणि पुनर्बांधणी. पण लिलावाचा आकडा हा नोंदलेला पुरावा आहे आणि खासगी सौद्याचा आकडा ही बहुधा कोणीतरी मुद्दाम बाहेर सोडलेली वार्ता, हा भेद विसरता कामा नये. २०१८ मध्ये लिलावातील आकडा चार कोटी चौऱ्याऐंशी लाखांवर गेला. त्याच वर्षीचा सात कोटींचा सौदा मात्र रुमालाखालचाच.

अस्सलपणाचा हा शोध किती बारीक होत गेला, याचे एक उदाहरण लंडनच्या उच्च न्यायालयात सापडते. २०१७ मध्ये एका अमेरिकन मालकाने आपली जीटीओ ब्रिटनमधील एका व्यापाऱ्याला कोट्यवधी डॉलरना विकली. १९६२ मध्ये सेब्रिंगला दुसरी आलेली मोटार हीच. पण तिचा मूळ गिअरबॉक्स केव्हाच वेगळा झाला होता आणि त्याच्या जागी दुसरा बसवलेला होता. मूळ गिअरबॉक्स मिळवून देण्याचे कलम करारात घातले गेले. तो अमेरिकेत सापडलाही, पण ज्याच्या ताब्यात होता त्याने सोडण्यासाठी काही हजार डॉलर मागितले. ते कोणी द्यायचे आणि तो आणायचा कोणी, यावरून दोघांचे बिनसले.

बदली गिअरबॉक्स बसवलेली ती मोटार चालत होती, यावर कोणाचाच वाद नव्हता. २०२० साली न्यायाधीशांनी कराराचा शब्द न् शब्द तपासून व्यापाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, आणि मूळ गिअरबॉक्स हवाली करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली.