दातावरची रेघ

इतिहास शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. सनावळ्या, तहांची कलमं, लढायांची कारणं आणि परिणाम, सगळं तोंडपाठ. आजही झोपेतून उठवून विचारलंत तर सालबाईचा तह १७८२ सालचा हे सांगेन. पण इतिहास दातांवरही लिहिलेला असतो, हे कळायला मला पंच्याहत्तरी ओलांडावी लागली. आणि हे मला शिकवलं ते माझ्याच एका विद्यार्थिनीने.

नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला अजून वळण लागलेलं नाही) आमच्या गावच्या शाळेत ती १९८३ साली आठवीत होती. मध्ये पस्तीस-चाळीस वर्षं काही संबंध नव्हता. परवा एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीच्या लग्नात भेटली. वाकून नमस्कार केला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय करतेस बाई सध्या?"

"सर, मेलेल्या माणसांचे दात बघते."

मला वाटलं, दाताची डॉक्टर झाली आणि थट्टा करते आहे. पण तसं नव्हतं. तिच्या विषयाचं नाव दंतमानवशास्त्र. उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांचे दात तपासायचे आणि ती माणसं काय खात होती, कधी आजारी पडली, किती वर्षांची होऊन गेली, हे शोधायचं. "एकदा पुण्याला या, दाखवते," म्हणाली. निवृत्त माणसाला असं आमंत्रण सहसा कोणी देत नाही. मी दुसऱ्याच आठवड्यात जाऊन धडकलो.

तिच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, मोजमापाचा कॅलिपर होता आणि कापसात ठेवलेले प्लास्टरचे दात होते. ते मूळ दातांवरून घेतलेले साचे. "मूळ दात एवढे हाताळायचे नसतात," ती म्हणाली. मग तिने मला विद्यार्थ्यासारखं समोर बसवलं. गंमत म्हणजे सुरुवात तिने माझ्याच विषयापासून केली.

इंग्लंडमध्ये १८३३ साली कारखाने कायदा झाला आणि कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालची मुलं कामाला लावायला बंदी आली. पण मूल नऊ वर्षांचं आहे की सात, हे ठरवायचं कसं? जन्माचे दाखले नव्हते. उंची बघत, पण आईबाप आणि मालक दोघांनाही मूल मोठं दाखवण्यातच फायदा. तेव्हा एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्याने १८३७ साली एक पुस्तिका लिहिली. कितीतरी मुलांचे दात तपासून त्याने दाखवलं, की वय सांगायला उंचीपेक्षा दात जास्त भरवशाचे.

मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे दात नव्हते, कान होता!" डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचं समजायचं आणि पहिलीत घालायचं. जन्मतारीख मास्तर टाकतील ती. म्हणून आमच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला. माझाही १ जून १९४९ आणि तिचाही १ जून १९७०. "आई म्हणते मी पोळ्याच्या सुमाराची," ती हसून म्हणाली. हसताना तिने तोंडावर हात धरला. ही तिची लकब मला शाळेपासून आठवत होती. त्याचं कारण मात्र मी विसरलो होतो. किंवा विसरल्यासारखं केलं होतं.

मग तिने मुख्य गोष्ट सांगितली. आपलं हाड आयुष्यभर झिजतं आणि पुन्हा भरतं, मोडलं तर सांधतं. दाताच्या वरच्या कठीण आवरणाचं, म्हणजे एनॅमलचं, तसं नाही. ते तयार करणाऱ्या पेशी आपलं काम संपवतात आणि दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. पुढे दुरुस्ती नाही. हे आवरण थराथराने चढतं, रोजच्या रोज. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे रोजचे थर दिसतात आणि आठवड्या-दीड आठवड्याने पडणाऱ्या ठळक रेषाही दिसतात. त्या रेषांना रेट्झियस या स्वीडिश शास्त्रज्ञाचं नाव आहे, त्याने त्यांचं वर्णन केलं तेही १८३७ सालीच. मूल फार आजारी पडलं किंवा त्याची उपासमार झाली, की त्या पेशींचं काम अडखळतं. आवरण तिथे पातळ राहतं आणि दातावर आडवी खाच किंवा रेघ उमटते. दात टोकाकडून हिरडीकडे बनत जातो. त्यामुळे रेघ कुठल्या उंचीवर आहे, त्यावरून ती साधारण कितव्या वर्षी पडली ते सांगता येतं.

"आणि सर, जन्माचीसुद्धा रेघ असते," ती म्हणाली. दुधाचे दात आईच्या पोटातच बनायला लागतात. जन्माच्या धक्क्याने त्यांत एक रेषा उमटते. त्या रेषेनंतरचे थर दिसले, की समजायचं मूल जिवंत जन्मलं आणि काही दिवस तरी जगलं.

हे शास्त्र आपल्याकडे कुठे वापरलं, असं मी विचारलं. तिने इनामगावचं नाव घेतलं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी हे गाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं मी वर्गात सांगत असे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. सातू पिकवत, गाईगुरं पाळत, पाण्यासाठी पाट काढलेला. तिथे दोनशेहून अधिक दफनं सापडली आणि त्यांतली बरीचशी लहान मुलांची. मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, आणि हे सगळं राहत्या घराच्या जमिनीखाली. तिथल्या मानवी अवशेषांचा, त्यांत दातांचाही, अभ्यास जॉन ल्यूकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला.

घराच्या जमिनीखाली! मला माझ्या आईची आठवण झाली. आमच्याकडेही दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. माझ्या पाठचा भाऊ असाच बांधाच्या कडेला पुरलेला. आई त्या बांधावरून जाताना कधी बोलत नसे, पण पाय थोडा जपून टाकायची. मी आजवर वर्गात इनामगाव 'ताम्रपाषाण संस्कृती' या मथळ्याखाली चार ओळींत उरकत आलो. त्या रांजणांपाशी कोणी आई बसली असेल, हे एकदाही मनात आलं नाही.

तिथली वस्ती का उठली, यावरही तिने सांगितलं. पाऊसमान घटलं, शेती बसली, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, असं ढवळीकरांनी मांडलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या आणि त्या वादात मुलांची हाडं-दात पुन्हा तपासले गेले. "म्हणजे दुष्काळाचा पुरावा बाळांच्या तोंडात शोधायचा?" मी विचारलं.

"लांब कशाला जायचं सर?" असं म्हणून तिने तोंडावरचा हात काढला.

वरच्या पुढच्या दोन दातांवर, बरोबर मध्यावर, एक तपकिरी आडवी खाच होती. "ही अडीच वर्षांच्या आतबाहेरची. मी पोळ्याची, १९७० सालची. आता तुम्हीच हिशोब करा."

हिशोब करायची गरज नव्हती. १९७२-७३. तो दुष्काळ मी पुस्तकात वाचलेला नाही, पाहिलेला आहे. बी.ए. होऊन नोकरी नव्हती म्हणून मी काही महिने दुष्काळी कामावर मस्टर कारकून होतो. खडी फोडणाऱ्या बायांची हजेरी लिहायची. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी, मुलांच्या हातात सुकडी, आणि खडीच्या ढिगाच्या सावलीला फडक्यात गुंडाळून निजवलेली पोरं. ती सगळं मी पाहिलेलं.

आणि तरीही मी काय केलं होतं? १९८३ साली शाळेत आरोग्य सप्ताह होता. माझ्याकडे दातांच्या स्वच्छतेचा तास आला. शिकवता शिकवता मी तिला उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, "बघा, रोज दात घासले नाहीत की असे होतात." वर्ग हसला. मीही हसलो असेन.

मी खाली मान घालून तिला एवढंच म्हणालो, "मला आठवतंय गं. चुकलंच माझं."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी घरी जाऊन मी राखुंडीने इतके घासले सर, की हिरड्यांतून रक्त आलं. रेघ जाते की काय बघत होते. ती जाणारच नव्हती, हे मला एम.ए.ला कळलं."

"म्हणून या विषयाकडे वळलीस?"

"छे! अर्थशास्त्राला प्रवेश मिळाला नाही म्हणून."

आम्ही दोघंही हसलो. तिने पुन्हा तोंडावर हात धरला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण धरला. चाळीस वर्षांची सवय अशी एका दुपारीत जात नाही.

निघताना मी म्हटलं, "म्हणजे ही मिलोची रेघ."

तिने लगेच मला थांबवलं. "सर, तसं म्हणता येणार नाही. त्याच वर्षी मला गोवर झाला होता. धाकट्याच्या वेळी आईला दिवस गेले म्हणून माझं दूध तुटलं तेही तेव्हाच. रेघ एवढंच सांगते की काहीतरी झालं आणि मूल त्यातून वाचलं. काय झालं ते ती सांगत नाही. जे वाचलं नाही, त्याच्या दातावर अशी रेघ पूर्ण व्हायलाही वेळ मिळत नाही."

मी चौतीस वर्षं 'दुष्काळाची कारणे लिहा' असा प्रश्न घालत आलो. पाच गुणांचा. दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६ चा दुष्काळ, मुलं पाठ केलेली कारणं लिहीत आणि मी बरोबरच्या खुणा करत असे. वर्गात समोर बसलेल्यांपैकी निम्मी मुलं १९७०-७१ ची होती. एकालाही मी विचारलं नाही, की तुझ्या घरी त्या वर्षी काय शिजत होतं?

असो. परतीच्या एसटीत मी खिडकीच्या काचेत स्वतःचे दात बघायला गेलो आणि हसू आलं. माझी कवळी आहे. माझ्या लहानपणी मला काय झालं, किती वेळा झालं, याचा पुरावा एका दाताच्या डॉक्टरांनी केव्हाच कचऱ्यात टाकलेला आहे. आई असती तर तिला विचारलं असतं. ती असताना मात्र मी सनावळ्या पाठ करत होतो.

तुमच्या घरी ऐंशीच्या पुढचं कोणी असेल, तर बाहत्तर सालाबद्दल एकदा विचारून बघा. आणि कोणा मुलाचे दात वाकडे, डागाळलेले दिसले, तर आधी त्याच्या आईशी बोला. वर्गात उभं करू नका.