क्लॅट्स्किन अर्बुद

यकृताच्या डाव्या आणि उजव्या भागांतून येणाऱ्या पित्तनलिका यकृताच्या मुखाशी जिथे एकत्र येतात, त्या सांध्यावर होणारा कर्करोग. पित्तनलिकेचा कर्करोग मुळात दुर्मीळ. पण झालाच, तर बहुतेकदा इथेच होतो. येल विद्यापीठाचे यकृततज्ज्ञ जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ साली अशा १३ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांचेच नाव या गाठीला मिळाले.

गाठ बहुधा लहान असते, जागा मात्र फार अवघड. अवघ्या काही मिलिमीटर रुंदीची नळी आवळली की पित्त आतड्यात न उतरता रक्तात मिसळते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाला पांढुरकी होते. खाज तर अशी सुटते की माणूस रात्रभर अंग ओरबाडत बसतो. पोटात मात्र सहसा दुखत नाही, आणि तिथेच घात होतो. आपल्याकडे कावीळ म्हटली की आधी झाडपाल्याचे औषध आणि पथ्य. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुधा आपोआप उतरते, श्रेय औषधाला जाते. ही कावीळ उतरत नाही.

पुढची गुंतागुंत या तुंबलेल्या पित्तातूनच उभी राहते. पित्ताशिवाय स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, के जीवनसत्त्व शोषले जात नाही, रक्त गोठायला वेळ लागतो. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की हुडहुडी भरून ताप येतो. संसर्ग रक्तात पसरला तर काही तासांत जिवावर बेतते. म्हणून एंडोस्कोपीने किंवा त्वचेतून सुई घालून पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवतात. प्लास्टिकचा स्टेंट काही महिन्यांत गाळाने बुजतो आणि बदलावा लागतो.

पित्तनलिकांचा जुनाट दाह हे एक ठळक कारण. अमेरिकन फुटबॉलपटू वॉल्टर पेटन यांना तोच आजार होता. यकृत प्रत्यारोपणाची वाट पाहत असतानाच पित्तनलिकेचा कर्करोग उघड झाला, प्रत्यारोपणाचा मार्ग बंद झाला आणि १ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ४५व्या वर्षी ते गेले. ईशान्य थायलंडमध्ये कारण वेगळे: तिथे कच्च्या नदीमाशांतून शरीरात शिरणारा यकृतकृमी पित्तनलिकांचा कर्करोग घडवतो.

बरे होण्याची खरी आशा शस्त्रक्रियेत. सांध्यासह यकृताचा मोठा भाग काढावा लागतो, आणि निदान उशिरा झाल्याने बहुतेकांना ती करताच येत नाही. निवडक रुग्णांत केमोथेरपी व किरणोपचारांनंतर प्रत्यारोपण करतात.

काविळीबरोबर शौचाला पांढुरकी होत असेल आणि अंगाला खाज सुटत असेल, तर उतारा न शोधता लगेच सोनोग्राफी करून घ्यावी. स्टेंट असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.